पिनेच्या वाटेतलं तेल

बत्तीस वर्षं मी ग्वाल्हेरच्या पोलीस लाइनीतल्या कोतात काढली. कोत म्हणजे शस्त्रागार, आणि मी तिथला आरमोरर, हत्यारं उघडून दुरुस्त करणारा. आमचे पूर्वज दख्खनेतून तलवारी घेऊन इथं आले म्हणतात. मी उभ्या आयुष्यात कुणावर गोळी झाडली नाही, दुसऱ्यांच्या पिस्तुलांतली घाण काढली. स्वभाव तापट, हे मीच सांगतो. मळकं पिस्तूल घेऊन आलेल्या ठाणेदारालाही मी तोंडावर विचारायचो, "साहब, दाँत तो रोज माँजते हो न? फिर इसने क्या बिगाड़ा है?"

हल्ली अधिकाऱ्यांना जे पिस्तूल मिळतं त्याचा घोडा आधी ताणून ठेवता येत नाही. दर गोळीला चाप लांबवर, चांगला जोर लावून ओढायचा. त्याच ओढीत घोडा मागं जातो, सुटतो, पिनेवर आपटतो आणि पिन गोळीच्या बुडाला ठोका देते. चुकून बोट लागलं तर गोळी सुटत नाही, म्हणून पोलिसांना ते बरं. एखादी गोळी उडाली नाही तरी पुन्हा चाप ओढता येतो. पण सगळा भरवसा त्या काडीएवढ्या पिनेवर. ती ज्या वाटेनं धावते ती वाट कोरडी ठणठणीत हवी. नळीला तेल द्या, वरच्या सरकत्या भागाला, स्लाइडला द्या, पिनेला एक थेंबही नको. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

आणि माझ्याच बहिणीच्या घरी काय चालायचं? भाची सब-इन्स्पेक्टर झाली तेव्हापासून दर दसऱ्याला दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घरात पाटावर आमच्या वडिलांची तलवार, आणि तिच्या शेजारी भाचीचं सरकारी पिस्तूल. भाची गोळ्या काढून कपाटात ठेवायची. मग बहीण तलवारीला तिळाचं तेल लावायची, तसंच पिस्तुलालाही. तेही कुठं? घोडा जिथं आपटतो नेमकं तिथं, कारण तिला ते त्याचं कपाळ वाटायचं. वर हळद, कुंकू, अक्षता. मी ओरडायचो, ती म्हणायची, "दादा, वर्षातून एकदा. तुझ्या सरकारला काय धाड भरते?" दुसऱ्या दिवशी भाची पिस्तूल कोतात आणायची, मी बडबडत पिन काढायचो, पुसायचो, विषय संपायचा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या महिनाभर आधी मी निवृत्त झालो.

त्या दिवशी भाचीला घेऊन तिचा ड्रायव्हर शिपाई आला होता. पंचावन्नीचा, हसरा माणूस. बहिणीनं त्याला पानावर बसवलं, श्रीखंड तीनदा वाढलं. मी पाटाकडे बघत होतो. तेल घोड्यापुढच्या फटीतून आत उतरताना मला दिसलं, त्यावर कुंकवाची चिमूट पडताना दिसली. दहा मिनिटांचं काम होतं. पण कोताच्या बाहेर हत्यार उघडायचं नाही आणि बाहेरच्या माणसानं त्याला हात लावायचा नाही, ही पाटी मीच भिंतीवर लावून घेतली होती. आता बाहेरचा माणूस मीच. मांडीवर हात ठेवून बसलो झालं.

"उद्या कोतात जा आणि पिन उघडून घे," मी भाचीला म्हटलं. "नुसती नळी पुसून आणलीस तर बघ."

"हो मामा, करवा लूँगी. टेन्शन मत लो ना."

आठवड्यानं विचारलं तर म्हणाली, दाखवलं, त्यांनी पुसून दिलं. पिन उघडली का? "अब ते मला काय माहीत, मामा!" मी नव्या आरमोररला फोन केला. त्याला कामच मी शिकवलेलं. तो म्हणाला, "दादा, बंदोबस्त का टाइम है, एक-एक पिन कहाँ से खोलूँ? आप आराम करो।" आराम करो! अरे, मी काय मेलोय?

तरी जीव राहीना. मी भाचीला घरी बोलावलं. पिस्तुलाला हात न लावता परीक्षा घेण्याची आमची एक युक्ती आहे. पिस्तूल रिकामं करायचं, नळी वर धरायची, तिच्यात रबरवाली पेन्सिल उलटी सोडायची आणि चाप ओढायचा. पिन नीट ठोकत असेल तर पेन्सिल उडते. भाचीनं ओढला, पेन्सिल थेट छताला लागली. दुसऱ्यांदाही तशीच. ती हसली, "झालं समाधान?" झालं. माझं समाधान झालं आणि मी गप्प बसलो. बत्तीस वर्षांत केली नाही ती चूक मी तिथं केली.

कारण तो ऑक्टोबर होता. अंगातून घाम निघत होता आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं.

जानेवारीत एके सकाळी माधवगंजातल्या माझ्या घरी मी डोक्याला लावायला खोबरेलाची बाटली घेतली. तेल गोठून दगड झालेलं. बाहेर समोरचं घर दिसत नव्हतं इतकं धुकं. बाटली हातात धरून मी उभा होतो आणि एकदम भाचीचं पिस्तूल आठवलं. तिळाचं तेल असं गोठत नाही, पण तीन महिने कुंकू आणि धूळ खाऊन ते चिकट होतं आणि अशा थंडीत पिनेला धरून ठेवतं. मी भाचीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा बहिणीला लावला तेव्हा ती म्हणाली, "ती पहाटेच गेली रे, चोरट्या रेतीचे ट्रॅक्टर पकडायला." मी कुणाला काय सांगणार होतो? स्वेटर घातला, काढला, पुन्हा घातला. गणपतीपुढं जाऊन बसलो, पण काय मागावं ते सुचेना.

दुपारी कळलं. ट्रॅक्टर अडवल्यावर धुक्यातून आठ-दहा जण लाठ्या घेऊन धावून आले. भाचीनं हवेत गोळी झाडायला चाप ओढला. नुसताच खट्ट आवाज. पुन्हा ओढला, पुन्हा खट्ट. तेवढ्यात तिच्यावर आलेली लाठी ड्रायव्हरनं मध्ये पडून डोक्यावर घेतली. तिसऱ्यांदा गोळी उडाली आणि ते सगळे पळाले. भाचीला खरचटलंही नव्हतं.

संध्याकाळी नव्या आरमोररचा फोन आला, आवाज अगदी खाली. "दादा, पिन निकाली। अंदर सब लाल-लाल, गोंद जैसा। मैंने साफ कर दिया। काग़ज़ पे लिख दिया, गोली ख़राब थी। बिटिया की नौकरी का सवाल है।" त्याच्याही नोकरीचा होता, पण ते तो बोलला नाही. मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि "ठीक है" म्हटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

बहिणीला यातलं काही ठाऊक नाही. ती मला म्हणाली, "बघ दादा, शस्त्र पूजलं होतं म्हणून तिसऱ्यांदा तरी चाललं. तू उगाच ओरडायचास." भाचीनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं, आरमोररनं तिलाही सांगितलं होतं. स्वयंपाकघरात ती एवढंच म्हणाली, "मामा, आईला नका सांगू. ती मरून जाईल." मी कशाला सांगतोय? सांगायची वेळ ऑक्टोबरात होती.

चार दिवसांनी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. ड्रायव्हरचे डोळे उघडे होते, पण तो कुणाला ओळखत नव्हता. डॉक्टर म्हणाले, बोलेल की नाही सांगता येत नाही. त्याची बायको स्टुलावर बसली होती. बहिणीनं तिच्या हातात प्रसाद दिला, तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. मग त्या बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भैया, आप तो ज़िंदगी भर यही काम किए हो। आप बताओ, पिस्तौल चली क्यों नहीं?"

भाची खाली फरशीकडे बघत होती. बहीण माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट तीही बघत होती.

"गोली ख़राब थी," मी म्हणालो.

"मतलब किसी की ग़लती नहीं थी," ती म्हणाली, आणि तिनं मला हात जोडले.