दीड मीटरवर गोपाळकाका

किस्से काही आम्ही ठरवून जमवत नाही. रविवारी कॅमेरे घेऊन चाकणच्या बाहेर पडलो, की सोमवारच्या चहापर्यंत एक तरी तयारच असतो! आम्ही चौघं एकाच गिअर कंपनीतले, आणि निम्मे किस्से एकट्या गोपाळकाकांचे. पुनावळ्याचे जुने गावकरी, तीस वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला. ज्याच्या पीसला त्यांनी नापासाचा लाल टॅग लावला नाही, असा माणूस प्रॉडक्शनमध्ये शोधून सापडायचा नाही. सगळे वचपा काढायची वाट बघत होते.

*

सुरुवातीला मी वाइड अँगल लेन्सची रिंग सरळ इन्फिनिटीवर, म्हणजे पार लांबच्या फोकसवर न्यायचो. डोंगर कडक यायचा, पायाजवळचे दगड मात्र धूसर. असाच एक प्रिंट हौसेनं काकांना दाखवला. त्यांनी खिशातून लाल टॅग काढून चिकटवला.

"डोंगर पास, दगड फेल. पीस रिजेक्ट!"

*

मग काकांनी स्वतःच सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि हिशोब शोधून काढला. अठरा एमएमची लेन्स, अपर्चर एफ अकरा, फोकस दीड मीटरवर. म्हणजे पाऊण मीटरपासून डोंगरापर्यंत सगळं शार्प. अंदाजपंचे काम त्यांना जमत नाही, म्हणून बॅगेत मोजायची टेप आली.

पवनेच्या बॅकवॉटरला त्यांनी जमिनीवर टेप सोडली, तर शेतमालक धावतच आला. "कंचा रोड काढताय? आमी एक इंच देणार न्हाई!"

काका म्हणाले, "इंच नको. दीड मीटर द्या. दोन मिन्टांत परत करतो."

*

दीड मीटरवर ते स्वतःचा बूट ठेवायचे. ऑटोफोकस बुटावर लावायचा, तो हलू नये म्हणून मॅन्युअलवर टाकायचं, बूट उचलायचा, मग क्लिक. एकदा बूट उचलायचाच राहिला, आणि फोटोत ऐटीत आला!

आम्ही पोट धरून हसलो. काकांनी फोटो पुढं सरकवला. "हसा. पन शिलाईचे टाके मोजून बघा."

सगळे टाके मोजता आले, राव!

*

काकांना मोतीबिंदू आहे, हे प्रॉडक्शनच्या म्हेत्रेंना कळलं. सगळ्यात जास्त पीस म्हेत्रेंचेच परत गेलेले. त्यांनी भर चहाला विचारलं, "काका, स्क्रीनवर शार्प दिसतंय तरी का?"

"न्हाई दिसत. म्हनून तर मोजतो."

*

रिटायरमेंटच्या दिवशी काकांचा बॅकवॉटरचा फोटो कँटीनमध्ये लागायचा होता, चांगला आठ फुटी. आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. "एवढ्या मोठ्यात काय बी लपत न्हाई. ह्यो फेल गेला, तर लोकांना टॅग कोणत्या तोंडानं लावले मी?"

फोटो लागला. म्हेत्रे भिंग घेऊन आले. अख्खी शिफ्ट मागं उभी. म्हेत्रेंनी खालच्या गवतापासून सुरुवात केली, मग दगड, मग पाणी, मग डोंगराच्या कडेची झाडं. काका भिंतीला टेकून उभे होते.

म्हेत्रेंनी खिशातून हिरवा ओके स्टिकर काढला आणि फ्रेमच्या कोपऱ्यावर चिकटवला. कँटीन टाळ्यांनी दणाणलं.

काका पुढं आले. स्टिकर नखानं सोडवून त्यांनी म्हेत्रेंच्या हातात परत दिला.

"वरचे दोन कोपरे बघितले न्हाईस. शिडी आण."