पाटीवरच्या रेघा

पाटी फळीवर होती. गेनबा रोज तिच्याखाली बसून भाकरी खायचा आणि वर बघायचा नाही.

पाटी म्हणजे ई-रीडर. वहीपेक्षा लहान, काळ्या चौकटीचं यंत्र. त्यात पुस्तक उमटतं, कागदावर छापल्यासारखं दिसतं, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. गेनबाच्या जोडीदारानं, जगननं, त्याला पहिल्याच दिवशी पाटी म्हटलं आणि तेच नाव पडलं. आता जगन नव्हता. त्यानं अर्धं वाचलेलं पुस्तक पाटीत होतं. ते एका वाचनालयाचं होतं आणि त्याची मुदत कधीच उलटून गेली होती.

"ती बी गप, तुमी बी गप," अंबूबाई ताटात कालवण वाढत नवऱ्याला म्हणाली. "दोगांतलं एक तरी बोला."

"मीठ कमी हाय," गेनबा म्हणाला. मीठ बरोबर होतं. त्याला चव कळत नव्हती.

गेनबा आणि जगन दोघं मैलकुली. वेल्ह्याकडं चढणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडं होता. पावसाआधी कडेचे चर काढायचे, दरड आली की उपसायची, उन्हाळ्यात खड्ड्यात खडी-डांबर भरायचं. सगळी नोकरी त्यात गेली. चर काढताना मुकादम पुढं गेला की काही जण वरची माती ओढून मोकळे व्हायचे. हे दोघं तळापर्यंत काढायचे. त्यात मोठेपणा नव्हता. अर्धा काढलेला चर पहिल्याच पाण्यात भरतो आणि तीच माती परत आपल्यालाच उपसावी लागते, एवढा साधा हिशेब होता.

जेवणाच्या सुट्टीत मोरीच्या सावलीला जगन पुस्तक काढायचा. ते भोरच्या वाचनालयातलं असायचं. ओळीखाली बोट धरून तो मोठ्यानं वाचायचा आणि गेनबा जेवायचा. मग गेनबा वाचायचा, जगन जेवायचा. वाचनालयाचं खातं जगनच्या नावावर होतं. दोघांत एकच खातं पुरत होतं. संध्याकाळी पुस्तक हत्यारांच्या पेटीत, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून राहायचं. परत आलेलं पुस्तक वाचनालयाच्या टेबलावर बसणारी मंगल नाकाशी धरायची.

"डांबराचा वास येतोय. जगनबाबांच्या खात्यावरचं दिसतंय."

"डांबर लावलेलं पुस्तक टिकतं, मंगलताई," जगन म्हणायचा. "वाळवी लागत न्हाई."

पुस्तक विकत घ्यायचा विचार दोघांच्या मनात कधी आला नाही. जगनचं म्हणणं सरळ होतं. भोरला जायचं म्हणून कुणी एसटी विकत घेतो का? बसायचं, उतरायचं, दुसरा बसतो. वाचलेलं पुस्तक घरात ठेवून त्याचं काय लोणचं घालायचं?

नोकरी संपली आणि नजर मंदावली. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली. जगनची मुलगी दीपमाला पुण्यात दवाखान्यात कामाला. तिनं स्वतःसाठी नवा ई-रीडर घेतला आणि जुना बापाला दिला. पुण्यातल्या एका वाचनालयाच्या ई-शाखेत बापाच्या नावानं खातंही काढून दिलं. एका वेळी एक पुस्तक, तीन आठवड्यांची मुदत. घरच्या वायफायवर पुस्तक पाटीत उतरतं आणि मुदत संपली की आपोआप परत जातं.

जगनचं घर शिवऱ्यात, हायवेच्या कडेला. गेनबाचं वर, वेल्ह्याच्या डोंगरात. तिथं वायफाय नाही, मोबाईललाही ओट्याच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर रेंज. पाटी एक आठवडा याच्याकडं, एक आठवडा त्याच्याकडं. अदलाबदल नसरापूरच्या बाजारात, कांद्याच्या ढिगापाशी.

जगनची बोट धरून वाचायची खोड पाटीवरही सुटली नाही. फावड्यानं राठ झालेलं बोट तो काचेवर दाबून ओळीखालून ओढायचा आणि पाटीला वाटायचं, याला ही ओळ खूण करून ठेवायची आहे. पानापानावर करड्या रेघा उमटल्या. कुठं अर्धी ओळ, कुठं दीड, कुठं शब्दाचं शेपूट. अर्थाशी त्यांचा काही संबंध नव्हता. जिथं बोट रेंगाळलं तिथं रेघ.

"पुस्तकात चर काढतोस व्हय रं?" गेनबानं विचारलं होतं.

"निचरा झाला पायजे. न्हाईतर अक्षरं तुंबत्यात."

एकदा गेनबाचा गुडघा सुजला आणि मुदत संपून गेली तरी त्याला खाली उतरता आलं नाही. वर वायफाय नाही, म्हणून पुस्तक पाटीत तसंच होतं. पुढं तो शिवऱ्याला गेला, जगनच्या ओट्यावर बसून त्याला एक पान दाखवायला लागला, आणि हातातल्या हातात पुस्तक नाहीसं झालं.

जगन पोट धरून हसला. "पळालं! वर तुज्याकडं दबून बसलं हुतं. हितं मालकाची हाक आली, पळालं!"

गेनबा हसला नाही. मुदतीनंतर पुस्तक ठेवणं त्याला माहीत नव्हतं. आपल्यामागं रांगेत कुणी थांबलं असेल, हे त्याला लागलं. त्यानंतर मुदतीच्या आत पाटी खाली आणायची, असं दोघांत ठरून गेलं.

शेवटच्या बाजारी जगननं पाटी दिली तेव्हा पुस्तक अर्धं झालं होतं. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्या एका खलाशाची हकीकत होती.

"तुजा आठवडा आला म्हणून देतो," जगन म्हणाला. "जहाज बंदराच्या भाईर उभं हाय, उतरू देत न्हाईत. लई मजा आली. फुडचं सांगू नको."

"सांगणार."

"सांग, मग बघ. घमेलं घालीन डोक्यात."

त्याच आठवड्यात जगन गेला. दारातल्या आंब्याला पाणी घालताना खाली बसला तो उठला नाही. गेनबानं जाऊन खांदा दिला. घरी येऊन गोठ्यातलं शेण काढलं, वैरण टाकली. रडू येईल म्हणून त्यानं वाट बघितली. आलं नाही. अंगावरून गाडी गेल्यावर काही वेळ दुखत नाही म्हणतात, तसं असेल, असं त्याला वाटलं. पण तो काही वेळ संपेचना. पुढं पुण्यानुमोदनालाही तो गेला. वंदना झाली, जेवणं झाली. दीपमालानं विचारलं, "काका, पाटी आणली नाही?"

"राहिली," तो म्हणाला.

राहिली नव्हती. त्यानं ठेवली होती. पाटी घेऊन त्या घरात पाऊल टाकलं की पुस्तक जाणार, आणि पुस्तकाबरोबर रेघा जाणार. परत आल्यावर त्यानं एकदा पाटी काढून पान-पान उलटलं होतं. अर्ध्यापर्यंत रेघा होत्या. जहाज बंदराबाहेर थांबलं, तिथं एका ओळीखाली अर्धी रेघ, आणि मग पुढची पानं कोरी. तो तिथंच थांबला. एक ओळ पुढं वाचली नाही. अधूनमधून तो पाटी चार्जिंगला लावायचा, भरली की फळीवर ठेवायचा. दुसरं काही वाचत नव्हता.

या सगळ्यात एकच गोष्ट त्याला टोचत होती. ती म्हणजे रांगेतला वाचक. कोण तो माहीत नाही, पण कुणीतरी थांबलंय आणि आपण पुस्तक दाबून बसलोय. जन्मात एकदाही दंड न भरलेला माणूस. रस्त्यानं चालताना समोरून कुणी आलं की त्याची मान खाली जायची.

पेन्शनच्या कामाला भोरला गेला तेव्हा तो वाचनालयात शिरला. मंगल टेबलावरच होती.

"काका, किती वाळलात! बसा."

तो बसला नाही. "पुण्याचं पुस्तक माज्याकडं अडकलंय. मुदत जाऊन लई दिवस झालं. दंड कुठं भरायचा?"

मंगलनं सगळं विचारून घेतलं, कॉम्प्युटरवर त्या ई-शाखेचं पान उघडून बघितलं. मग म्हणाली, "काका, ते पुस्तक मुदतीच्या दिवशीच परत गेलंय."

"पाटीत हाय. म्या सकाळीच बघितलं."

"दिसतंय तुम्हाला. पण तिकडं मोकळं झालं. मागच्या माणसाला मिळालं, त्याचं वाचून झालं, आता आणखी कुणाकडं तरी आहे. तुमच्यामुळं कुणी अडलं नाही."

"मग माज्याजवळ काय हाय?"

"नुसती नक्कल. वायफायला जोडलं की पुसली जाईल."

"आन् रेघा?"

मंगलला रेघांचं सांगावं लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बाबांच्या खात्यावर राहायला पाहिजेत. त्याच खात्यावर तेच पुस्तक परत घेतलं तर दिसतील, असं म्हणतात. पण मी कधी करून बघितलेलं नाही, काका. छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

गेनबा स्टँडवर येऊन गाडीत बसला. ज्याच्यासाठी इतके महिने मान खाली घातली, तो वाचक कधीच वाचून मोकळा झाला होता. आता हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मोठा दगड हलवायला सगळा जोर लावावा आणि दगडच नसावा, तसं झालं. कुणी अडलेलं नाही, तेव्हा पाटी फळीवर ठेवली तरी चालणार होती. कुणी विचारणारही नव्हतं.

पण मुदत संपली होती. मुकादम बघत नव्हता म्हणून चर अर्धा सोडायचा, असं त्यानं कधी केलं नव्हतं. आणि दोघांतली एक पाटी, ती फळीवर धूळ खातेय, हे जगनला पटलं नसतं. त्यानं शिवी घातली असती.

पुढच्या बाजारी गेनबा नसरापूरला थांबला नाही. पाटी पिशवीत घालून शिवऱ्याला उतरला. जगनच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला.

भामाबाई ओट्यावर पावटा सोलत होती. जगनची बायको. "भावजी, चप्पल चिकटली का काय रस्त्याला? आत या की."

दीपमाला सुट्टीची आलेली, तीही बाहेर आली. गेनबानं जय भीम केला, पिशवीतून पाटी काढली, पुस्तक उघडून ती अर्ध्या रेघेची ओळ समोर धरली आणि आत पाऊल टाकलं. ओट्यावर चढेपर्यंत काही झालं नाही. बसल्यावर त्यानं पान उलटायला बोट लावलं आणि पुस्तक गेलं. पाटी पांढरी.

"गेलं?" दीपमालानं विचारलं.

"गेलं."

भामाबाईनं पावट्याची टोपली बाजूला सरकवली. "च्या टाकते. पर आदी मला सांगा, उतरू दिलं का त्यांना?"

"कुणाला?"

"जहाजावरच्यांना! रोज सांजच्याला मला वाचून दावायचे. जहाज बंदराच्या भाईर नेऊन ठिवलं अन् गेले. म्या तवापासनं वाट बघतीया, भावजी पाटी आणतील अन् सांगतील."

गेनबानं पाटी मांडीवर ठेवली. "म्या फुडं वाचलंच न्हाई, वहिनी."

"इतकं दिस पाटी घरात, अन् वाचलं न्हाई? ही कसली तऱ्हा वाचायची?" ती खरोखर चिडली होती. "माणसं उपाशी असतील तिथं!"

दीपमालानं मोबाईल काढला. बाबांचं खातं बंद करायचं तिच्या मनात होतं, पाटी परत आली नाही म्हणून राहून गेलं होतं. तिनं पुस्तक मागणीला टाकलं. "काका, रांग आहे. आपण तिसरे."

"खातं तुज्या बापाचं. म्हंजे जगन तिसरा."

दीपमालाचा अंगठा मोबाईलवर थांबला. मग ती म्हणाली, "बाबा कधी रांगेत थांबलेत? भोर स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकायचे."

"ह्या रांगंत रुमाल चालत न्हाई," गेनबा म्हणाला.

तोवर म्हणून तिनं दुसरं एक पुस्तक घालून दिलं. गेनबानं ते शेवटपर्यंत वाचलं. काय वाचलं ते लक्षात राहिलं नाही, पण वाचलं, आणि मुदतीच्या आत खाली आणलं. मग आणखी एक. दर बाजारी तो शिवऱ्याला जाऊन विचारायचा, रांग पुढं सरकली का. भामाबाई फाटकातूनच हात हलवून नाही म्हणायची. रेघांचं तिला त्यानं सांगितलं नव्हतं. येतील का नाही, ते त्यालाच माहीत नव्हतं.

एका बाजारी तिनं हात हलवला नाही. "आलं," म्हणाली. "दीपानं पुण्यातनं फोन केला. बघा पाटीत."

गेनबा ओट्यावर बसला. पाटी वायफायला लागली, पुस्तक उतरलं. पहिलं पान स्वच्छ होतं. दुसरंही. तिसऱ्यावर काही नव्हतं. त्यानं श्वास सोडला आणि उलटलं.

चौथ्या पानावर, मधल्या ओळीखाली, एका शब्दाचं शेपूट सोडून, करडी रेघ होती.

त्यानं तिच्यावर बोट ठेवलं नाही. हात मांडीवर घेतला. मग एक-एक पान उलटत, रेघांच्या मागं-मागं, जहाज थांबलं होतं तिथवर आला. डोळ्यांत काही आलं नव्हतं, पण पाटीवरची अक्षरं धरायला त्याला जरा वेळ लागला.

"मोठ्यानं वाचा," भामाबाई म्हणाली. ती पदरानं हात पुसत समोर येऊन बसली होती. "घरात लई दिस आवाज न्हाई."

अर्ध्या रेघेपुढची पहिली ओळ त्यानं वाचली. मग दुसरी. बंदरावरून एक होडी निघाली होती आणि जहाजाकडं येत होती. पान संपलं तसा तो थांबला.

"मग?" भामाबाई म्हणाली.

गेनबानं पान उलटलं.