आभाराच्या वहीतली अमेरिका

शनिवारी सकाळी आठ वाजता वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या घरातून निघाले ती रागातच. आदल्या दिवशी वटार गावाहून जॉनचा फोन आला होता. जॉन म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याची मुलगी सरिता तुम्हा नातवंडांना आठवत असेल. मागच्या खेपेला तुम्ही अमेरिकेहून आलात तेव्हा तिनेच तुम्हाला बावखलात (वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात) पोहायला शिकवले होते. तिचे वनस्पतिशास्त्रातले एमएस्सी झाले. पीएचडीसाठी तिला दोन ठिकाणांहून बोलावणे आले, एक अमेरिकेचे आणि एक बंगळूरचे. दोन्हीकडे सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे होते.

"आत्या, रविवारी उपकाराची मिस्सा (चर्चमधली आभाराची प्रार्थना) ठेवलीय. सरिता अमेरिकेला चालली," जॉन म्हणाला.

"सरिताने ठरवलं का?"

"त्यात ठरवायचं काय?"

मुलांनो, मी बत्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. प्रयोग करण्याआधी उत्तर लिहून ठेवणाऱ्यांना वर्गाबाहेर उभे केले. निघण्यापूर्वी मी एका कागदावर दोन रकाने आखले, दोन्हीकडचे फायदे-तोटे लिहिले आणि कागद पर्समध्ये ठेवला.

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला एसटी धरली. निर्मळ गाव मागे पडल्यावर केळीच्या वाड्या सुरू झाल्या. कितीतरी केळींची पाने कडेने करपली होती. शेजारी भाजीची रिकामी पाटी घेऊन बसलेल्या बाईंना मी कारण विचारले.

"पानी खारट झालंय, बाय. तुम्ही कुनाकडं?"

"जॉनकडे."

"अमेरिकावाल्यांकडं होय? पोरगी चालली ना त्यांची."

म्हणजे बसलाही ठाऊक होते. वटारचा थांबा येईपर्यंत मी त्या बाईंशीही धड बोलले नाही, आणि त्यांचा तर काहीच दोष नव्हता.

जॉनच्या ओटीवर सुकेळ्यांचा (उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांचा) पुडा बांधून तयार होता. त्यावर सरिताच्या आईने जाड अक्षरात 'अमेरिका' लिहिले होते. जेवायला बोंबिलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी होती. कालवण उत्तम होते; पण मी ते सांगितले नाही.

"तू तिला विचारलंस?" मी जॉनला म्हटले. तो घरात आमच्या बोलीत बोलतो. तुमच्यासाठी साध्या मराठीत लिहिते.

"आता नाही गेली तर लोक म्हणतील, तिला घेतलंच नाही. मी तोंड कुठे लपवू?"

"मिस्सा सांगण्याआधी हा विचार करायचा होतास."

सरिता न जेवता उठली. मी तिच्यामागे बावखलावर गेले. तिने ओंजळभर पाणी माझ्यापुढे धरले. "चाख."

मी चाखले. तुम्ही ज्यात पोहलात ते हे पाणी नव्हते. जीभ खारट झाली.

"बंगळूरच्या मॅडम भाताच्या मुळांत मीठ कसं शिरतं त्यावर काम करतात. अमेरिकेतलं विद्यापीठ मोठं आहे, नाव आहे, पण त्यांचा विषय वेगळा. मला हाच हवाय."

"मग तोंड का शिवलंस? बापाला सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, आत्या येऊन समजावेल."

मी पर्समधून कागद काढून दिला. तिने तो शांतपणे वाचला. अमेरिकेच्या रकान्यात मी पहिलीच ओळ लिहिली होती: 'आपली मुले जवळ असतील.'

"आजी, हा फायदा माझा की तुझा?"

तुम्हाला ताप आला की मला चार दिवसांनी कळते. तिकडे तुमच्याजवळ आपले कुणीतरी असावे, एवढाच त्या ओळीचा अर्थ होता. जॉनवर रागावत मी इतक्या लांब आले होते, आणि उत्तर तर मीही आधीच लिहून आणले होते. कागदाचे चार तुकडे करून मी पर्समध्ये टाकले.

"चल," मी म्हटले, "आधी चर्चमध्ये जाऊ."

फादरांनी मिस्सांची वही उघडली. 'उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या सरितासाठी उपकार', असे लिहिले होते. जॉन धापा टाकत मागून आलाच. "फादर, मानलेले आभार परत कसे घेणार?"

सरिता म्हणाली, "आभार राहू द्या, फादर. फक्त अमेरिका काढा."

फादरांनी जॉनकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी म्हटले, "शिकायचं तिला आहे. ती सांगते तसं लिहा." त्यांनी एक रेघ ओढली आणि वर 'बंगळूर' लिहिले.

रविवारी मिस्सेत ते नाव वाचले गेले तेव्हा बाकाबाकांवर कुजबुज झाली. जॉन ताठ बसून राहिला. बाहेर एकाने विचारलेच, "काय रे, विमान चुकलं?" जॉन तडक घरी गेला.

दुपारच्या बसने परतले. सरिता थांब्यावर सोडायला आली. तिथूनच ती सायबर कॅफेत दोन्हीकडे उत्तरे पाठवायला जाणार होती. घरून निघताना तिच्या आईने तो 'अमेरिका' लिहिलेला पुडा मला दिला होता. "तुमच्या नातवंडांना पाठवा," ती म्हणाली.

पुडा आता माझ्या कपाटात आहे. जॉनवरचा राग अजून गेलेला नाही, आणि स्वतःवरचाही. पण सरिताला तुमच्या राखणीला पाठवायला निघाले होते, ती चूक मी दुसऱ्यांदा करणार नाही. सुकेळीही पाठवणार नाही. हवी असतील तर येऊन खा.