पिंजऱ्याबाहेरचं चाक

हातोडा कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं जर तुम्हाला कुणी सांगितलं, तर समजा की हा गृहस्थ हातोड्याला एकदाही भेटलेला नाही. विमानतळाच्या चाकांच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढली या माणसाने, आणि तेवढ्या काळात दोन फोरमन, एक स्टोअरकीपर आणि एक पायलट एवढ्यांच्या कानाखाली जाळ काढला. पायलटाची चूक एवढीच, की उड्डाणाआधी तपासणी करताना त्याने नव्याकोऱ्या चाकाला बुटाची लाथ मारली. "पाय लावतोस? यावरच बसून जाणारेस ना?" म्हणत हातोड्याने अशी ठेवून दिली की साहेबांची टोपी इंधनाच्या गाडीखाली गेली. नोकरीच जायची, पण तीन महिन्यांच्या निलंबनावर निभावलं, कारण चाक बसवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचा हातोडा" म्हणायची.

रिटायर झाल्यावर माणसं बागेत फिरतात, नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. याला बागेची हौस नव्हती आणि मूलबाळ नसल्याने सून कुठून येणार? हा दर रविवारी सकाळी धावपट्टीच्या टोकाला जायचा. तिथे कुंपणाला लागून एक कॅन्टीन होतं आणि त्याच्या गच्चीवर विमानवेड्यांचा अड्डा भरायचा. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्या विमानांच्या शेपटीवरचे नंबर लिहिलेल्या अकरा वह्या होत्या. एक फोटोवाला होता, ज्याने स्वतःच्या लग्नाचे फोटो धड काढून घेतले नाहीत पण विमानांचे हजारो काढले. आणि एक निवेदनबाई होत्या. जन्मभर विमानतळाच्या माइकवरून उशिराच्या उड्डाणांबद्दल दिलगिरी व्यक्त करून करून त्या आता घरी कुणाचीच माफी मागत नसत.

या अड्ड्याचा एक नियम होता. गोष्ट सांगणाऱ्याने उभं राहून सांगायची. मध्येच विमान आलं, तर तोंड बंद. सगळ्यांनी नंबर टिपायचा, आवाज विरेपर्यंत थांबायचं, आणि मग ज्या शब्दावर गोष्ट थांबली त्याच शब्दापासून ती पुढे न्यायची. मागचं बदलायचं नाही, सारवासारव करायची नाही. बदललं की डॉक्टर वहीने टेबल बडवायचे आणि सगळे ओरडायचे, "खाली बस!"

गोष्टी तरी कसल्या? मारामारीच्या आणि हाडं मोडण्याच्या. फोटोवाल्याने एकदा पाहिलं होतं, की हवेत विमान एकदम खाली बसलं आणि खाण्याची ढकलगाडी छताला जाऊन आपटली, ती परत आली ती एका शेठच्या खांद्यावर. कडकन आवाज आला. शेठ म्हणाला, "माझं जेवण कुठंय?" आणि बेशुद्ध पडला. निवेदनबाईंनी दोन जावयांना एका खिडकीसाठी भांडताना बघितलं होतं. सासरा मध्ये पडला, आणि मध्ये पडणाऱ्याचं जे होतं ते झालं. त्याच्या कानाचा तुकडा शेवटी बर्फाच्या भांड्यात घालून उतरवावा लागला. आणि डॉक्टर? डॉक्टर चुकीच्या विमानात बसून भलत्याच शहरात उतरले होते आणि तिथल्या टॅक्सीवाल्याशी त्यांची अशी जुंपली, की दुसऱ्यांचे दात बघणाऱ्या माणसाचे स्वतःचे दोन गेले. हसून हसून गच्ची हलायची.

पण सगळ्यांत जास्त मागणी होती ती हातोड्याच्या लंबूच्या गोष्टीला.

लंबू म्हणजे हातोड्याचा जोडीदार. एकाच दिवशी कामावर लागलेले, एकाच डब्यात जेवणारे. त्यांची कायम पैज लागायची, एका पाळीत जास्त चाकं कोण भरतो. आता विमानाचं चाक भरणं म्हणजे सायकलला पंप मारणं नव्हे. मोटारीच्या चाकात हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या सहा-सात पट दाबाने त्यात नायट्रोजन भरतात. रिम दोन तुकड्यांची, बोल्ट लावून जोडलेली. तिला कुठे चीर असली, तर भरता भरता ते चाक बॉम्बसारखं फुटतं. म्हणून ते जाड सळ्यांच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, दार लावून, लांब उभं राहून भरायचं. फुटलं तर पिंजऱ्यात फुटेल. वर्कशॉपमध्ये पिंजरा एकच होता.

एकोणीस वर्षांपूर्वी लंबूने एक चाक बाहेर भरलं आणि ते फुटलं. रिमचा अर्धा तुकडा त्याच्या छातीतून आरपार गेला आणि मागच्या पत्र्याच्या कपाटात रुतला. चौकशीत रिमची जुनी चीर सापडली आणि फाइल बंद झाली. हातोड्याने सगळ्यांना सांगितलं ते असं: "पिंजऱ्यात माझं चाक होतं. लंबू म्हणाला, वेळ कशाला घालवायचा, मी बाहेर भरतो, माझा हात कापत नाही. मी शेजारीच उभा. चाकातून टक् असा आवाज आला. त्याने दोन्ही हातांनी मला मागे ढकललं आणि सगळं स्वतःच्या छातीवर घेतलं." हे ऐकताना निवेदनबाई दर वेळी डोळे पुसायच्या.

लंबूची पोरगी तेव्हा सात वर्षांची होती. हातोडा शाळेच्या फाटकाशी तिला घ्यायला जायचा, तापात उशाशी बसायचा, गणितात नापास झाली म्हणून मास्तरांच्या अंगावर धावून गेला तोही हाच. तिच्या आईला एवढं पटेना, पण पोरगी ऐकायची नाही. "माझ्या बाबांनी वाचवलेला माणूस आहे तो," म्हणायची. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती बापाच्याच वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागली आणि दर रविवारी काकांच्या शेजारी, गळ्यात जाडजूड जुनी दुर्बीण अडकवून, गच्चीवर बसू लागली. हातोड्याचा जीव होता तिच्यात. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे, पण तिचा चहा आधी आला नाही तर कॅन्टीनवाल्याचा उद्धार व्हायचा.

त्या रविवारी पोरगी उभी राहिली. "आज मी सांगणार," म्हणाली. "काल फोरमन जेवायला गेला होता. पोरं म्हणाली, बाईमाणसाला जड चाक झेपत नाही. मी म्हटलं, बघा. चाक घेतलं, पिंजऱ्याबाहेर ठेवलं, शेजारी उकिडवी बसले आणि भरलं! दाबाचा काटा वर चढेपर्यंत हलले नाही. सगळ्यांची तोंडं बघायला हवी होती. म्हटलं, माझ्या बापाचा हात कापत नव्हता, माझा पण कापत नाही!"

फोटोवाल्याने टाळी वाजवली. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास! बापावर गेलीय."

"आणि उद्याची पैज लागलीय," पोरगी म्हणाली. "सकाळच्या पाळीत सहा चाकं. सहाच्या सहा बाहेर. हरले तर महिनाभर सगळ्यांचे तेलकट डगले धुवायचे. मी कुठली हरतेय!"

हातोड्याने हातातला कप असा फेकला, की तो पाण्याच्या टाकीवर फुटून तुकडे निवेदनबाईंच्या पदरात पडले.

"अक्कल गहाण ठेवलीस का गं?" तो हात उगारून ओरडला. "भिकारडी पैज लावतेस? उद्या पिंजऱ्यात भरायची चाकं. सगळी! नाहीतर तंगडी मोडून घरी बसवीन!"

"काका, हात खाली करा," पोरगी म्हणाली. तीही काही कमी नव्हती. "तुम्हाला काय झालंय? बाबांनी केलं ते चालतं? त्यांची गोष्ट सांगून सांगून तुम्ही इथे चहा पिता, आणि मी केलं की तंगडी मोडणार?"

"तुझा बाप मेला त्यात!"

"तुम्हाला वाचवून मेला! घाबरून नाही मेला!"

आता करणार काय? फोरमनला सांगावं, तर तो उद्या थांबवील, परवा पोरगी पुन्हा भरील. ती थांबणार नव्हती, कारण तिच्या डोक्यात बाप होता, आणि तो बाप हातोड्यानेच घडवला होता. हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळलं. तो टेबलाला धरून म्हणाला, "मला सांगायचंय. गोष्ट सांगायचीय. बसा सगळे."

पोरगी बसली. फुरंगटून, पण बसली.

"पैज होती त्या दिवशी," हातोडा म्हणाला. "आठ त्याची झाली, आठ माझी. पाळी संपायला दहा मिनिटं. त्याचं नववं चाक पिंजऱ्यात होतं. त्याचं. माझं नाही. मला हरायचं नव्हतं. मी म्हटलं काढ. तो हसला. मला राग आला. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला आणि..."

धावपट्टीवरून एक भलंमोठं विमान उठलं आणि गच्चीवरून गेलं. टेबलावरच्या बश्या थरथरल्या. डॉक्टरांचा हात सवयीने वहीकडे गेला आणि तिथेच राहिला. नंबर कुणीच टिपला नाही. पोरगी हातोड्याकडे बघत होती. आवाज विरायला पाऊण मिनिट तरी लागतं. तेवढ्यात माणसाला पुष्कळ सुचतं. 'आणि मग मी माफी मागितली.' 'आणि मग तोच म्हणाला, जाऊ दे, तू घे.' हातोड्याला हे सगळं सुचलं. एकोणीस वर्षं तो याच जागी वळण घेत आला होता आणि आत्ताही घेतलं असतं तर कुणी वही आपटली नसती. त्याने पोरीचे हात बघितले. नखांत काळं तेल होतं.

"आणि त्याचं चाक ओढून बाहेर काढलं," हातोडा म्हणाला. "माझं आत टाकलं. दाराला कडी घातली. त्याचा ओठ फाटला होता. तो रक्त थुंकला आणि बाहेरच भरायला बसला. मुकाट्याने. हात कापत होता त्याचा, मी बघितलं. मी म्हणू शकलो असतो, थांब. नाही म्हणालो. मला नववं चाक हवं होतं. फुटलं तेव्हा मी पिंजऱ्याच्या मागे होतो, पाठ करून. मला कुणी ढकललं नाही, पोरी. कुणी वाचवलं नाही मला. मीच मारला त्याला."

पोरगी उठली. तिने गळ्यातली दुर्बीण काढली, पट्टा मुठीला गुंडाळला आणि हात मागे नेऊन त्याच्या तोंडावर मारली. पहिल्या तडाख्यात ओठ फाटला. दुसऱ्यात नाक गेलं. तिसऱ्याला दात खाली पडल्याचा आवाज आला. फोटोवाला तिला धरायला धावला, तर त्याच्या कोपरावर बसली आणि तो बाजूला झाला. हातोडा, ज्याने आयुष्यात फुकट चापट खाल्ली नव्हती, तो हात खाली सोडून उभा होता. चौथ्याला गुडघ्यावर आला. पाचव्याला दुर्बिणीची काच निखळली. मग ती दमली.

"भर पिंजऱ्यात," तो रक्ताच्या तोंडाने म्हणाला. "भरशील ना गं? सांग की."

ती त्याच्या अंगावर थुंकली आणि जिना उतरून गेली. निवेदनबाईंनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. डॉक्टरांनी खाली वाकून चार दात वेचले, रुमालात बांधले, आणि त्याला दवाखान्यात नेऊन टाके घातले. सुई जरा जोरातच टोचली.

घरी बायको म्हणाली, "कुणाशी भांडलात या वयात?" त्याने तिलाही सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. लंबूच्या बायकोबरोबर ही त्या वेळी तेरा दिवस बसली होती, रडली होती. पाण्याचा तांब्या तिने त्याच्यासमोर आपटून ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन निजली.

सोमवारी सकाळी हातोडा पायरीवर बसला. घर विमानतळापासून फार लांब नव्हतं. एका ट्रकचा टायर फुटला तेव्हा तो विमानतळाच्या फाटकापर्यंत पळत गेला आणि परत आला. फोरमनला त्याने तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा कुणी उचलला नाही. आठ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. पाळी संपायची वेळ टळली. तोंड सुजून भोपळा झालं होतं. कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि पाणीही टाक्यांतून गळत होतं.

अडीचला फोन वाजला.

"चार चाकं पिंजऱ्यात भरली," पोरगी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "पोरं हसली. हसू देत. पाचवं पिंजऱ्यात फुटलं. रिमला चीर होती. दाराची सळी वाकलीय."

हातोड्याने फोन दोन्ही हातांनी धरला. "लागलं नाही ना तुला? पोरी, लागलं नाही ना कुठे?"

"पोरी म्हणायचं नाही मला. आईला सांगितलंय सगळं. आमच्या दारात यायचं नाही. मी मेले तरी यायचं नाही."

"बरं," हातोडा म्हणाला. "बरं, नाही येत."

फोन बंद झाला. तो रडला, आणि टाके ताणून ओठातून पुन्हा रक्त आलं तरी रडत राहिला. बायको दारात येऊन उभी राहिली. काल सगळं ऐकल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "काय झालं?"

"आहे," तो म्हणाला. "पोरगी आहे. काहीतरी पातळ करून दे गं, भूक लागलीय."