फुगवट्यावरची गोदी

आमचं गाव जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे मागं तुंबलेल्या पाण्याला, लागून आहे. पलीकडच्या काठावर जायचं तर होडीनं. मासे धरणाऱ्यांच्या होड्या वेगळ्या. कुठलीही होडी गळायला लागली की माझा थोरला मुलगा दुरुस्त करतो. धरण भरलेलं असताना तो होडी काठाशी आणून दगडांच्या ओळीवर बांधून ठेवतो. पुढं पाणी ओसरतं, होडी आपोआप दगडांवर बसते. मग पत्रा ठोकायचा, डांबर लावायचं.

पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते ती गाळपेर. घरटी एकेक पट्टा. जुनं गाव आणि आमची मूळची जमीन धरणात गेली, त्यामुळं माझा हरभरा नि कांदा त्या पट्ट्यातलाच. पेरलेल्यातून होडी ओढायची नाही आणि होडीची वाट नांगरायची नाही, एवढा एकच कायदा. तो कुणी मोडलेला मी पाहिला नाही.

गेल्या दिवाळीत सरकारी निधीतून मोठ्या गोदीची टूम निघाली. साऱ्या फुगवट्यावरच्या होड्या न् लाँचा आमच्याकडं दुरुस्तीला येणार. क्रेन, मोठी शेड, पोरांना कामं. सरपंचानं पाण्याच्या कडेला फक्की टाकून जागा आखली, पेढे वाटले. मुलगा नगरच्या एमआयडीसीत जायचं म्हणत होता, तो आता थांबला. गोदी झाली तर तो गावात राहणार होता. मला तो जायला नको होता आणि गोदीच्या कामात पट्टाही जायला नको होता.

संक्रांतीनंतर ग्रामसभा भरली तेव्हा पाणी फक्कीच्या रेघेपासून दोन वावरं लांब गेलं होतं. येता-जाता सगळे बघत होते. बोलत कुणी नव्हतं. मी उठले.

"गोदीला पानी लागतं ना? मंग पानी कुठं हाय?"

लोक हसले. सरपंच म्हणाले, "आजी, चर खोदायचा. गोदीपासून पार खालच्या पान्यापोत्तर."

"कुनाच्या पट्ट्यातून?"

"गाळपेर सरकारची हाय, आजी."

"सरकार येतंय व्हय खुरपायला?"

बायका हसल्या, तसा माझा मुलगा तापला. "आई, खाली बस. पानी उतरतं हे समद्यांना ठाऊक हाय."

"मंग समदे गप का?"

"निधी माघारी जाईल म्हणून," मागून कुणीतरी बोललं. निदान खरं बोललं.

मी म्हटलं, आपल्या होड्या मोजक्या. त्या वर ओढण्यापुरता एक दगडी उतार बांधा, वर पत्र्याची छोटी शेड टाका. उतार माझ्या पट्ट्यातून न्या. दुसऱ्या कुणाचं ढेकूळसुद्धा हलवायचं नाही.

"म्हातारीनं गावाचा इकास बुडवला," माझ्याच वयाचा एक म्हातारा ओरडला.

"आख्खं गाव बुडालं तवा तुझं तोंड कुठं गेल्तं?" मी विचारलं. तो खाली बसला.

हात वर करायला सांगितले. उतारासाठी पट्टेवाल्या बायकांचे हात आधी वर गेले, मग त्यांच्या नवऱ्यांचे. मोठी गोदी पडली. माझ्या मुलाचा हात गोदीच्या बाजूनं होता.

त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. ताटावर बसायचा तो भिंतीकडं तोंड करून. मी काही समजूत काढायला गेले नाही. तो नगरला जाणार असं धरून त्याच्या बॅगा धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. जायचं तर स्वच्छ बॅगा घेऊन जा.

हरभरा घाट्यावर आला होता तेव्हा तो एका सकाळी फक्कीची पाटी घेऊन पट्ट्यात आला. मी खुरपत होते.

"उतार कुठनं घ्यायचा?"

"कडंनं. मधी तुडवू नको."

"हरभरा निघाल्याबिगर दगूड टाकनार न्हाई. कायदा हाय ना तुमचा."

"तुझा न्हाई?"

त्यानं पाटीतली फक्की मुठीत घेतली. रेघ ओढली. वाकडी आली म्हणून मी परत ओढायला लावली. तो अजूनही म्हणतो, मोठी गोदी झाली असती तर गावाचं नाव झालं असतं. म्हणू दे. होडीवाल्यांनी दगड आणून टाकलेत, हरभरा निघाला की उताराचं काम धरायचं.

बॅगा अजून दोरीवरच आहेत. मी काढणार नाही. ठेवून द्यायच्या का भरायच्या, ते त्याचं त्यानं ठरवावं.