शेरू कॅनडात, मी सेक्टर दोनमध्ये

ग्रुपवरच्या सगळ्यांनो, आज सकाळी कॅनडावरून पोराचा व्हिडिओ कॉल आला. "आई, शेरू जेवूनच नाही राहिला."

माझे मिस्टर गेल्यावर घर खायला उठे, म्हणून पोरानंच मले हा कुत्रा रायपूरहून विकत आणून दिला होता. तिकडं न्यायले आमा दोघांचेही कागद टाकले. शेरूचे झाले, माझा व्हिसा नाही झाला. मागच्या हप्त्यात पोरगा त्याले घेऊन गेला.

मी फोनवरूनच म्हटलं, "शेरू, जेवून घे राजा." तो उठला, फोनच्या मागं जाऊन मले शोधलं, अन् मग जेवला.

इथं रायपूरच्या बाजूले बाहेर सगळं हिंदीतच चालते. घरात मराठी मी त्याच्याशीच बोलत होती.

आता तुम्हीच सांगा, मले 'जेवून घे' कोण म्हणणार?