आठ दिवस कुवेत आणि दाऊदभाईने निवडलेला वाण

धाकटा भाऊ मिलिंद सहा वर्षं "दादा, एकदा येऊन जा" म्हणत होता आणि मी काही ना काही कारण काढत होतो. २००६च्या डिसेंबरात त्याने व्हिजिट व्हिसाचा कागदच पाठवला, तेव्हा निघालो. लिहिताना सगळी नावं बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, डिसेंबरात कुवेतमध्ये चांगलीच थंडी असते. वाळवंट म्हणून मी नाशिकहून अर्ध्या बाह्यांचे शर्ट भरले होते. विमानतळावर मिलिंदबरोबर एक उंच, दाढीवाला माणूस उभा होता. त्याने काही न विचारता स्वतःचं जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं.

"मी दाऊद, रत्नागिरीचा. हितली थंडी फसवी हाय, दादा."

मला दादा म्हणणारा आजवर एकच होता. तेव्हापासूनच तो माणूस मला खुपायला लागला.

मिलिंदचं घर अब्बासियात. खाली मल्याळी किराणा, शेजारी डोसेवाला, आणि पहाटे रस्त्यावर कंपन्यांच्या बसेसची रांग. त्यातल्याच एका बसने तो शुऐबा या औद्योगिक भागातल्या प्लांटवर जातो. दाऊदभाई त्या प्लांटला व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या दुकानात. मिलिंदला सुट्टी मिळेना, म्हणून शहर मला दाऊदभाईनेच दाखवलं. बसने मिरकाब या शहराच्या जुन्या भागात गेलो. जुन्या इमारती, ऑफिसं, अर्ज टाइप करून देणारी दुकानं. एका इराणी हॉटेलात भट्टीतून काढलेला खुबूस, म्हणजे त्यांची मोठी रोटी, आणि डाळ खाल्ली. दोघांचं पोट एका दिनारच्या आत भरतं. मी पैसे काढेपर्यंत त्याने देऊनही टाकले होते.

"मिलिंदला हितलीच डाळ लागते," तो म्हणाला. "त्याचा नवा चष्माबी मीच पसंत केला. त्याला स्वतःला काय ठरवता येत नाय."

ते मला सांगायची गरज नव्हती. मिलिंदचं दप्तर, इंजिनिअरिंगची शाखा, लग्नातला कोट, सगळं मी ठरवलेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलिंद मला फहाहीलच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. समुद्र शांत, पलीकडे रिफायनरीच्या ज्वाळा. तिथे त्याने हॉलंडची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात तो ट्रेनिंगला आणि दाऊदभाई व्हॉल्व्हच्या ऑर्डरसाठी एकाच कारखान्यात गेले होते. सुट्टीच्या दिवशी दोघं ॲम्स्टरडॅमला गांजा मिळणाऱ्या एका कॉफीशॉपमध्ये शिरले.

"दादा, वीसेक बरण्या होत्या. प्रत्येकीत वेगळा वाण. एकाने म्हणे हसू येतं, एकाने झोप, एकाला लिंबाचा वास. मला काही सुचेना. दाऊदभाई साधी विडी ओढत नाही. पण हापूस निवडावा तसा एकेक बरणी हुंगत बसला. म्हणाला, हा झोपाळू वाटतो, तुला उद्या ट्रेनिंग हाय, नको. हा लय उग्र, तुझं डोकं दुखंल. शेवटी लिंबाच्या वासाचा घे म्हणाला."

"मग?"

"मग काय, मी दोन झुरके मारून तासभर खिदळत होतो आणि तो कॉफी पीत मला सांभाळत बसला होता."

सांगताना मिलिंद पुन्हा हसत होता. मीही हसलो. पण आत काहीतरी पेटलं होतं. मला गांजाचं काही नव्हतं. आयुष्यात एकदाच तो बिनधास्त वागला, आणि तेव्हा शेजारी दुसराच कोणी होता.

शुक्रवारी मिलिंदकडे जेवण होतं. दाऊदभाईने झुबेदी आणली होती. झुबेदी म्हणजे आपलं पापलेट, आणि तिथलं खरंच चविष्ट. मिलिंदचे मॅनेजर, पुण्याचे नाडकर्णीसाहेब, सपत्नीक आले होते. दाऊदभाई मासे तळत होता, मिलिंदची बायको अंजली वाढत होती.

साहेब म्हणाले, "मिलिंद, इथे तुला सख्खा भाऊ मिळाला रे."

सख्खा भाऊ त्यांच्यासमोर बसला होता. मी म्हणालो, "हो ना. हॉलंडात गांजासुद्धा याला दाऊदभाईनेच निवडून दिला."

अंजलीचा हात थांबला. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. ज्या देशात या गोष्टीला तुरुंग आहे, तिथे मी हे त्याच्या साहेबांसमोर बोललो होतो, आणि तेही कंपनीच्या ट्रेनिंगबद्दल.

दाऊदभाई झारा हातात घेऊन दारात आला. "त्याला नाय, साहेब. मी माझ्यासाठी घेतला. मिलिंद भायेर उभा राहून मला वरडत होता. चूक झाली माझी."

"तू, दाऊद?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

साहेबांनी ताटातलं संपवलं. खीर न घेताच ते उठले.

ते गेल्यावर मिलिंद एवढंच म्हणाला, "दादा, साहेब कोण आहेत ते तुला माहीत होतं."

"होतं."

दुसऱ्या दिवशी मी दाऊदभाईच्या खोलीवर गेलो. एका खोलीत चार जण. त्याने मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसला.

"मी साहेबांना खरं सांगतो," मी म्हणालो.

"मग मिलिंद जाईल. त्याचा अकामा, म्हणजे हितं राहायचा परवाना, कंपनीवर हाय. त्याच्या पोरीची शाळा हाय. माझं काय, मी दुकानात."

"पण साहेब तुम्हाला गांजेकस समजतात."

"अल्लाला ठाव हाय मी काय केलं ते," तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

परत येऊन दोन महिने झाले. कुवेतला जावं का, असं काही वाचक विचारतात. जरूर जा, जाड स्वेटर न्या, खुबूस गरम असतानाच खा. पण माझ्याबरोबर घरी आलं ते वेगळंच. साहेबांनी दुकानाला कळवलं की दाऊदला प्लांटवर पाठवू नका. मालकाने त्याला शहराबाहेरच्या गोडाऊनमध्ये टाकलं. मिलिंद आता दर शुक्रवारी दोन बस बदलून त्याच्यासाठी डबा घेऊन जातो.

अंजलीने डब्याचं फोनवर सांगितलं तेव्हा दाऊदभाई एकटा पडला नाही म्हणून मला आधी बरं वाटलं. आणि लगेच तीच जळजळ पुन्हा उठली.